बत्तीस व्हॉल्व्ह आणि एक सही: स्कोमेटचा भार लघुउद्योगानेच का उचलायचा?

भोसरीकर
भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, सोळा माणसं. आतून टेफ्लॉनचं अस्तर असलेले व्हॉल्व्ह बनवतो. जिथे आम्ल वाहतं तिथे हे लागतात, खत कारखान्यापासून औषध कंपनीपर्यंत.

गेल्या वर्षी आखातातल्या एका व्यापाऱ्याची बत्तीस नगांची ऑर्डर आली. माल तयार, खोक्यांना खिळे ठोकून झाले, आणि क्लिअरिंग एजंट म्हणतो, "साहेब, हे स्कोमेटमध्ये बसतंय." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्कोमेट ही केंद्र सरकारची संवेदनशील रसायनं, जीवाणू, साहित्य, यंत्रं आणि तंत्रज्ञानाची यादी. त्यातलं काही देशाबाहेर पाठवायचं तर परवाना हवा. माझा व्हॉल्व्ह १० मि.मी.हून मोठा आणि आतून फ्लोरोपॉलिमर (टेफ्लॉन त्यातलंच), म्हणजे रासायनिक अस्त्रांच्या कारखान्यातही चालू शकतो!

परवान्यासाठी, माल शेवटी कोण वापरणार त्याची सही-शिक्क्याची हमी लागते. व्यापारी म्हणाला, माझं गिऱ्हाईक कोण ते तुम्हाला कशाला सांगू, उद्या तुम्ही थेट त्यालाच विकाल. दोन महिने त्याने घोळ घातला आणि ऑर्डर गेली. खोकी माळ्यावर पडून आहेत.

१९७४ आणि १९९८च्या अणुचाचण्यांनंतर जगाने आपल्याला वाळीत टाकलं. आता त्याच लोकांच्या गटांत बसून त्यांच्या याद्या आपण उचलायच्या? मानाची खुर्ची दिल्लीला आणि वर्गणी भोसरीला.

रसायनी
दादा, ऑर्डर गेल्याचं वाईट वाटलं. पण "गिऱ्हाईक सांगणार नाही" म्हणणाऱ्याला माल विकायचाच का, हा प्रश्न कायदा नसता तरी होताच की.

थायोडायग्लायकॉल नावाचं एक रसायन आहे. कापडछपाईत, बॉलपेनच्या शाईत वापरतात. त्यापासूनच मस्टर्ड गॅस हा विषारी युद्धवायूही बनतो. फ्रान्स व्हॅन अनराट नावाचा डच व्यापारी १९८०च्या दशकात ते टनांनी सद्दामच्या इराकला पुरवत होता. मार्च १९८८मध्ये हलबजात एका दिवसात हजारो कुर्द मेले. २००५मध्ये हेगच्या कोर्टाने, हे कशासाठी चाललंय ते त्याला माहीत होतं असं म्हणत १५ वर्षं दिली, अपिलात ती १७ झाली. त्याआधी इराकने इराणवर केलेल्या वायुहल्ल्यांनंतरच १९८५मध्ये ऑस्ट्रेलिया ग्रुप, म्हणजे अशा मालाच्या निर्यातीवर लक्ष ठेवणारा देशांचा गट, उभा राहिला. तुमच्या व्हॉल्व्हचं कलम तिथलंच आहे. आपण जानेवारी २०१८मध्ये त्यात गेलो, कुणी ओढून नेलं नाही.

भोसरीकर
तो टनांनी रसायन विकत होता हो. मी बत्तीस व्हॉल्व्ह.

रसायनी
कारखान्याला व्हॉल्व्ह बत्तीसच लागतात.

अवकाशवेडा
मूळ धाग्याला माझा पाठिंबा. ही बंधनं म्हणजे पुढे गेलेल्यांनी मागून शिडी काढून घेणं. १९८०च्या दशकात अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारला, मग पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था निघाली, विजय भटकरांच्या टीमने १९९१मध्ये परम ८००० हा देशी महासंगणक उभा केला. क्रायोजेनिक इंजिनाचंही (अतिथंड इंधनावर चालणारं रॉकेटचं इंजिन) तेच. ते तंत्रज्ञान रशियाकडून घेणार होतो, तर १९९२मध्ये इस्रोवर आणि रशियाच्या ग्लावकॉसमॉस या अंतराळ संस्थेवर अमेरिकेचे निर्बंध आले, शेवटी आपण स्वतः बनवलंच. नाकारल्याने कुणी थांबत नाही. मग हा खटाटोप कशाला?

मंजिरी_पौडरोड
ही गोष्ट आपण फार लाडाने सांगतो. परममध्ये जे ट्रान्सप्युटर (प्रोसेसर चिप) बसवले ते इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे. एक दार बंद झालं तेव्हा दुसरं उघडं होतं, म्हणून जमलं. आणि तुमचा क्रे पुढे मिळालाही, मागितला होता त्यापेक्षा कमी ताकदीचा, दिल्लीत हवामानासाठी.

क्रायोजेनिकचा हिशेब तर मांडाच. रशियाने १९९३मध्ये तंत्रज्ञान द्यायचं नाकारलं, फक्त तयार इंजिनं दिली. स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्यासह इस्रोचं जीएसएलव्ही रॉकेट यशस्वी उडालं ५ जानेवारी २०१४ला. मधली वीस वर्षं कुणाच्या खात्यात टाकायची? बंदीने कुणी थांबत नाही हे खरं, पण रखडतं नक्की. बंदी घालणाऱ्याला तेवढंच पुरतं.

चाकणचा_पुरवठादार
जुनं कशाला काढता, ताजं बघा. ४ एप्रिल २०२५ला चीनने सात दुर्मिळ मृदाधातू आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवाना लावला. इलेक्ट्रिक दुचाकीच्या मोटरमध्ये हेच चुंबक. आमच्या पट्ट्यात त्या उन्हाळ्यात जो तो एकच विचारत होता, मॅग्नेट आले का? आणि कागद कुठला भरायचा, तर माल शेवटी कोण वापरणार त्याची हमी! लष्करी कामाला वापरणार नाही म्हणून लिहून द्या. स्कूटरच्या मोटरसाठी!

भोसरीकर, तुमच्या व्यापाऱ्याच्या जागी तेव्हा आम्ही होतो. आम्ही मुकाट्याने सह्या केल्या.

मंजिरी_पौडरोड
म्हणजे फॉर्म एकच, कारणं दोन. एकात विषारी वायूची भीती, दुसऱ्यात गळा आवळायची सोय. समोरच्याला कसं कळायचं कुठलं कारण आहे?

रसायनी
तिथे माझ्याकडेही उत्तर नाही. भोसरीकरांचं एक मात्र मान्य. मोठ्या कंपनीत यासाठी वेगळं खातं असतं. इथे जीएसटी भरणारी वहिनीच स्कोमेटची यादीही चाळणार. ड्रॉइंग नुसतं ईमेलने पाठवलं तरी ती निर्यात धरली जाऊ शकते, हे किती वर्कशॉपवाल्यांना माहीत आहे? दादा, पुढच्या वेळी ॲडव्हान्स घ्यायच्या आधी यादी बघा, खिळे ठोकल्यावर नको.

भोसरीकर
आमच्याकडे वहिनी नाही, धाकटा भाऊ आहे, आणि तो यादी बघून झोपतो.

बरं, एक सांगायचं राहिलं. काल त्याच व्यापाऱ्याचा मेसेज आला. माल अजून असेल तर "पाइप फिटिंग" लिहून दुसऱ्या देशातून पाठवता का, दर दहा टक्के जास्त देतो.

रसायनी
डिलीट करू नका. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

भोसरीकर
काढलाय. उत्तर दिलेलं नाही. तरी माझा राग कायद्यावरचाच आहे, त्याच्यावरचा वेगळा.