ताईंच्या रजेचं काय करायचं? सोमवारपर्यंत उत्तर हवं

प्रेषक: सचिव

परदेशातल्या सांगलीकर मंडळी, आपल्या तिथल्या वाचनालयाची अभ्यासिका सांभाळणाऱ्या ताईंचा अर्ज मागच्या मेलला जोडला होता, उत्तर दोघांचंच आलं. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन मिरजेत झालं, आता घरी आणलंय, करणारं दुसरं कोणी नाही. तीन महिने पगारी रजा मागतायत. सोमवारी सांगलीला कळवायचंय. आणि सकाळी सहाला अभ्यासिकेचं शटर कोण उघडणार तेही ठरवा, राज्यसेवेची पोरं साडेपाचपासून पायरीवर बसलेली असतात.

प्रेषक: खजिनदार

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आणि वीस दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा आहे, ती ४५ पर्यंत साठवता येते. तोही वीस किंवा जास्त माणसं असतील तर, २०२५ पर्यंत दहाची अट होती. आपली पाच आहेत, तरी आपण तेवढ्या देतो. ताईंची शिल्लक संपली. ग्रंथपालबाईंना २६ आठवडे दिले कारण प्रसूती कायद्यात २०१७ पासून तेवढे आहेत. मूल नसलेल्यांसाठी तशी तरतूद नाही. एकीला दिली की उद्या सगळे मागतील, आणि पैसा देणगीदारांचा आहे.

प्रेषक: गावभाग (एडिसन)

खजिनदारसाहेब, प्रसूती कायद्यालाही दहा माणसांची अट आहे. म्हणजे ग्रंथपालबाईंनाही आपण आपल्या मनाने दिलं, आणि ते बरोबरच केलं. पण त्या सहा महिन्यांत देवघेवीचं टेबल कोणी सांभाळलं? ताईंनी, स्वतःचं काम करून, एक पैसा जास्त न घेता. ताईंना मूल नाही म्हणून दिवाळीची ड्यूटी त्यांची, मेची सुट्टी इतरांची, हे आपणच लावून दिलंय. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा खालची पुस्तकं माडीवर नेणाऱ्या याच. कोणी म्हटलं नाही की बाई, तुमच्याही घरात पाणी शिरतंय.

यंदा गेले तेव्हा त्यांच्या घरी बसले होते. अकराला अभ्यासिकेतून स्कूटीवर येतात, सासूबाईंची कूस बदलतात, पाठ पुसून कोरडी करतात, एअरबेडची नळी वाकली नाही ना ते बघतात, मऊ भात भरवतात आणि धावत परत. दर दोन तासांनी कूस बदला असं डॉक्टरांनी सांगितलंय. मधल्या वेळी शेजारच्या आजी येतात, त्यांच्याने म्हातारीला उचलवत नाही.

बाळंतपणाची रजा ही सुट्टी नव्हे, शरीर भरून यायला ती लागतेच. तिच्यातला एक दिवसही कोणी कमी करू नये. पण तान्ह्या बाळाला सांभाळायला घर सोडता येत नाही हे आपल्याला कळतं, तर अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठीही सोडता येत नाही हे का कळू नये?

प्रेषक: लंडन

इकडे एप्रिल २०२४ पासून शुश्रूषेची रजा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आहे, पण वर्षात एक आठवडा आणि बिनपगारी. जपानमध्ये घरच्या प्रत्येक आजारी माणसामागे ९३ दिवस.

प्रेषक: पार्सिपनी

अमेरिकेचा १९९३ चा कायदाही बारा आठवडे देतो, बिनपगारी, आणि त्यात सासूसासरे धरत नाहीत. आमच्या आई पडल्या तेव्हा हिला रजा मिळाली नाही, मलाच घ्यावी लागली. न्यू जर्सी राज्याचा कायदा आता सासूसासरे धरतो. शटरचं म्हणाल तर वॉचमनला किल्ली द्या.

प्रेषक: अभ्यासिका समिती

वॉचमनला किल्ली नको. मागचं सगळ्यांना आठवत असेल. आणि हा विषय समितीचा आहे, आम्हाला न विचारता यादीवर का आला?

प्रेषक: माधवनगर (बोस्टन)

घरी आजारी माणूस नसेल तर? पुतणी पुण्यात आयटीत आहे, दोघांनी ठरवून मूल नको म्हटलंय. टीममधली कोणी बाळंतपणाला गेली की काम हिच्या अंगावर. ती म्हणते, मलाही सहा महिने द्या, शिकेन नाहीतर हिंडेन. तिलाही द्यायची का?

प्रेषक: गावभाग (एडिसन)

पुतणीचं गाऱ्हाणं खरं आहे, पण त्याची भरपाई रजेने होत नाही. दुसऱ्याचं काम अंगावर घेतलं की त्याचे पैसे मिळाले पाहिजेत, किंवा बदली माणूस ठेवला पाहिजे. शिकायला रजा द्यायची तर नोकरीच्या वर्षांवर द्या, आईबापांनाही द्या. मूल नाही म्हणून वेगळी रजा मी मागत नाही आणि मूल नाही म्हणून कमीही नको.

ताईंसाठी माझा ठराव असा: घरच्या माणसाच्या शुश्रूषेसाठी बारा आठवडे पगारी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, पाचही जणांना लागू. सासर-माहेर दोन्ही धरायचं. खजिनदारांना आकडा हवा असेल तर ताईंच्या बदलीला अभ्यासिकेतलाच एक विद्यार्थी मानधनावर ठेवू, ते मानधन या वर्षी मी भरते. समितीने शनिवारी फोनवर बसून ठरवावं, माझी हरकत नाही, पण सोमवार टळू नये.

प्रेषक: खजिनदार

डॉक्टरांची चिठ्ठी आणि बारा आठवड्यांची मर्यादा लेखी असेल तर माझा होकार. पुढच्या वर्षीचं मानधन अंदाजपत्रकात घालावं लागेल.

प्रेषक: विश्रामबाग (टोरांटो)

दुसरी किल्ली माझ्या मेहुण्याकडे आहे, पुराच्या वेळी दिली होती ती तशीच राहिली. सोमवारी अभ्यासिकेत पोचवायला सांगतो, कोणाच्या हातात द्यायची तेवढं कळवा.