जीपीएस नोंदी असताना ट्रकचालकांच्या मुलाखती हव्यात कशाला?

रस्तामापक
मालवाहतुकीच्या सर्वेक्षणासाठी रस्त्याकडेला ट्रक थांबवून "कुठून आलात, कुठे निघालात" विचारायची पद्धत आता बंद करावी, असं माझं ठाम मत आहे. तिच्यातून एका दिवसाची एक फेरी कळते, तीही चालक घाईत सांगेल तशी. जीपीएसमधून त्याच गाडीच्या महिनोन्महिन्यांच्या फेऱ्या वेळेसकट मिळतात. रीतही सरळ आहे: वेग ताशी ५ किमीच्या खाली आणि गाडी १०० मीटरच्या परिघात ५ मिनिटांहून जास्त वेळ असेल, तर थांबा धरायचा. इंधनपंप, टोलनाके, विश्रांतीच्या जागा नकाशावर आखून वगळायच्या. उरतात ती माल चढवण्या-उतरवण्याची ठिकाणं.

वजनकाटा
साफ असहमत. शहरात पार्सल टाकणारी गाडी दोन-तीन मिनिटांत निघते, ती तुमच्या चाळणीतून गळते. कोंडीत १० मिनिटं अडकलेली मात्र 'माल उतरवला' म्हणून मोजली जाते.

शिवाय नोंदी किती वेळाने येतात ते बघा. दर १५ मिनिटांनी येत असतील आणि गाडी मधे ६ मिनिटं थांबून उरलेली ९ मिनिटं ताशी ६० किमीने धावली, तर १५ मिनिटांत ९ किमी, म्हणजे सरासरी वेग ३६. थांबा दिसलाच नाही, रस्ता मात्र उगाच संथ ठरला. आणि गाडी भरलेली होती की रिकामी, माल कोणता, हे त्या बिंदूंतून कसं काढणार?

नकाशेवाला
कोंडी ओळखता येते. त्याच वेळी त्याच रस्त्यावरच्या इतर गाड्याही रखडल्या असतील तर ती कोंडी. बिंदू रस्त्यापासून ३०-४० मीटर आत सरकला आणि इंजिन बंद असेल तर थांबा खरा, मग तो दोन मिनिटांचा का असेना. म्हणून इग्निशनचा (इंजिन चालू की बंद) रकाना मागून घ्याच आणि नोंद मिनिटाला किमान एक तरी हवी.

उड्डाणपूल आणि खालचा रस्ता यांत गल्लत होते, कारण मोकळ्या आकाशाखालीही काही मीटरची चूक असते, उंच इमारतींमध्ये ती खूप वाढते. एकेक बिंदू जवळच्या रस्त्याला चिकटवू नका, सलग बिंदूंचा मिळून मार्ग जुळवा. हिडन मार्कोव्ह मॉडेल (बिंदूंच्या क्रमावरून सर्वांत संभाव्य मार्ग काढणारी सांख्यिकी पद्धत) त्यासाठीच वापरतात.

गोपनीयतेसाठी जीपीएस नोंदींचा पुरवठादार रोज मध्यरात्री गाडीचा ओळखक्रमांक बदलत असेल, तर रात्रीच्या प्रवासाचे दोन तुकडे होतात आणि भर हमरस्त्यावर खोटा आरंभबिंदू तयार होतो. हे करारातच विचारा.

रस्तामापक
इग्निशनचं पटलं. भरलेली की रिकामी, हे चालत्या गाडीचं वजन टिपणाऱ्या काट्यांच्या नोंदी वेळेनुसार जोडून बऱ्याच अंशी कळतं. जीपीएस असलेल्या गाड्यांचा नमुना अपुरा असेल तर आसांनुसार (चाकांच्या अक्षांच्या संख्येनुसार) केलेल्या वाहनगणनेवरून गुणक लावावा, म्हणजे नमुन्यातल्या फेऱ्या एकूण गाड्यांच्या प्रमाणात वाढवाव्यात.

वजनकाटा
तिथेच घोळ आहे. जीपीएस यंत्रं मुख्यतः मोठ्या ताफ्यांत असतात आणि त्यांच्या फेऱ्या लांबच्या असतील, तर एकच गुणक लांबचे प्रवास फुगवतो आणि एक-दोन गाड्यांच्या मालकांच्या जवळच्या फेऱ्या दाबतो. नाक्यावरच्या मोजणीला प्रवासाची लांबी कळत नाही, त्यामुळे ही चूक तिथे पकडलीही जात नाही. मुलाखत छोटी करा, पण ठेवा: मालकाकडे गाड्या किती, माल कोणता, मागचा थांबा कुठे. ताफ्याच्या आकारानुसार वेगळे गुणक याच उत्तरांवरून निघतील.