काळ्या ‘जपॅन’ कामाच्या इंग्लिश ब्यूरोचा गहाळ खण: थर कसे चढवावेत?

खणपट्टी:
उतरत्या झाकणाचा इंग्लिश ब्यूरो (खणांचं लिहायचं मेज) आहे, घडण साधारण १७२०–३० ची. लेप ‘जपॅन’, म्हणजे पूर्वेकडच्या लाखकामाच्या धर्तीचा: काळी जमीन, त्यावर सोनेरी चिनी देखावे, काही ठिकाणी उठावाचं काम. एका खणाची दर्शनी फळी पूर्ण गहाळ आहे, कडांचे टवके उडालेत आणि झाकणावर पापुद्रे सुटलेत. प्रश्न तीन:
१. हा खरा पूर्वेकडचा उरुशी लाखेचा लेप की युरोपी नक्कल, हे नुकसान न करता कसं ठरवायचं?
२. नवी फळी जुन्या रीतीनं करायची तर थर कोणते, प्रमाण काय?
३. काम पुण्यात, जुलै-ऑगस्टमध्ये करायचं आहे. चालेल का? पॉलिशवाल्याचा सल्ला असा, की स्पिरिटचा बोळा फिरवून वरून चपड्याचे (स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेचे) दोन हात मारले की सगळं एकजीव होईल.

जुनी_लाकडं:
आधी तो बोळा थांबवा. नक्कल असेल तर वरचा लेप किड्याच्या लाखेचा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळणारा. एका फटक्यात सोनं आणि काळा रंग दोन्ही बोळ्यावर येतील. खरंच एकजीव होईल म्हणा!

उरुशी हा चीन-जपानकडच्या झाडाचा चीक. हवेतल्या ओलाव्यात, साधारण ७०–८० टक्के आर्द्रतेत, त्यातल्या विकराच्या क्रियेनं तो घट्ट होतो आणि एकदा बसला की स्पिरिटला दाद देत नाही. हे झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं, त्यामुळे कच्चा चीक बिब्ब्यासारखाच अंगावर उततो. युरोपात ना झाड होतं ना ताजा चीक. म्हणून तिकडच्या कारागिरांनी भारतातून जाणारी किड्याची लाख, सँडरॅक, कोपाल असल्या राळांवर काम भागवलं. पॅरिसचे मार्टिन बंधू कोपालच्या वार्निशासाठी नावाजले, त्यांना १७३० मध्ये राजाची सनद मिळाली. बर्लिनच्या दरबारात त्याआधीच गेरार्ड डाग्ली हेच काम करत होता.

ओळखायचं असं. खण बाहेर काढा. आत उघडं ओक किंवा पाइन आणि इंग्लिश पद्धतीचे पाचरी सांधे दिसले, तर सांगाडा तिकडचा हे नक्की. चित्रांचं प्रमाण बघा. घरापेक्षा मोठं फूल, पुलापेक्षा मोठा पक्षी, एकाच साच्याची माणसं पुन्हा पुन्हा आली, तर नक्कलच. मग ३६५ नॅनोमीटरची अतिनील विजेरी. लाख नारिंगी चमकते, सँडरॅक-कोपाल हिरवट-पांढुरके, उरुशी जवळपास मंदच राहते.

यात एक फसगत आहे. खऱ्या उरुशीवरही युरोपात पुढे चपड्याचं पॉलिश मारलेलं सर्रास सापडतं, तेव्हा नारिंगी दिसलं म्हणून निकाल देऊ नका. उडालेल्या टवक्याची कड भिंगाखाली पाहा, खालचे थर तिथेच दिसतात. शिवाय एकाच वस्तूत दोन्ही असू शकतं. पॅरिसमध्ये जपानी पेट्यांचे आणि पडद्यांचे तक्ते पातळ तासून कमोडच्या (खणांच्या बुटक्या कपाटाच्या) वळणावर बसवत आणि भोवतालची चौकट नकली वार्निशानं जुळवत. लंडनमध्ये तर कोरीव चिनी पडदे वेडेवाकडे कापून फर्निचरला लावत. स्टॉकर आणि पार्कर यांनी जपॅन कामावरच्या १६८८ च्या ग्रंथात त्याची टर उडवली आहे, की माणसं आणि झाडं उलटीपालटी होतात.

चपडा_आणि_काजळी:
फळीचं सांगतो. याच स्टॉकर-पार्करचं प्रमाण अजून उत्तम चालतं: एक गॅलन स्पिरिटला दीड पौंड दाणेदार लाख. तेव्हाचा वाइन गॅलन धरला तर लिटरला साधारण १८० ग्रॅम. तुमच्या एका फळीला २५० मिली स्पिरिट आणि ४५ ग्रॅम लाख पुरते. चोवीस तास ठेवा, अधूनमधून हलवा, तलम मलमलीतून गाळा आणि काचेच्या बरणीत निवळू द्या. वरची नितळ निवळ शेवटच्या हातांसाठी वेगळी काढा. खालचा दाट भाग काळ्यासाठी. लाख ताजी घ्या. जुन्या पडलेल्या चपड्याच्या पापड्या नीट विरघळत नाहीत, आणि सहा महिन्यांपूर्वी कालवलेलं पॉलिश चिकट राहतं.

लाकूड ओकसारखं जाड रेषांचं असेल तरच खडूची जमीन लागते. बाकीच्या खणांच्या तुटक्या कडेला पांढरा थर दिसतो का, ते बघून ठरवा. करायची असेल तर सरस पाण्यात रात्रभर भिजवा (१ भाग सरस, १२ भाग पाणी) आणि गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून ६० अंशांच्या आत वितळवा. उकळला की त्याची पकड जाते. नुसत्या सरसाचा एक हात, मग त्यातच चाळलेली खडूची पूड मिसळून पातळ मलईसारखं करून पाच-सहा हात. वरचा थर खालच्यापेक्षा जास्त सरसाचा झाला तर तडे जाणारच. फेटून कालवलं तर बुडबुडे राहतात आणि घासल्यावर सुईची भोकं दिसतात.

काळ्यासाठी दिव्याची काजळी. ती तेलकट असते, लाखेत नुसती टाकली तर गुठळ्या होतात. काचेवर थोड्या स्पिरिटात वाटून मगच मिसळा. किती? काचेवर एक हात ओढा आणि उजेडासमोर धरा, जेमतेम आरपार दिसलं की पुरे. काजळी जास्त झाली की थर मेणचट आणि ठिसूळ होतो. काळ्याचे तीन हात, घासणे, पुन्हा तीन. मग किंचित काळसर निवळीचे दहा-बारा हात. खरी खोली याच हातांनी येते. इथे कंजुषी केली तर ती फळी पाटीसारखी दिसेल.

मऊ केसांचा रुंद ब्रश, सुरुवात फळीच्या मधून कडांकडे. ओल्यावर परत ब्रश नेऊ नका, खालचा थर सुटून ओढला जातो. दिवसाला तीन-चार हातांवर जाऊ नका. अडकलेलं स्पिरिट महिनाभरानंतरही निघत राहतं आणि पॉलिश बसल्यावर ब्रशच्या रेघा पुन्हा वर येतात. शेवटचा हात दिल्यावर किमान दोन आठवडे थांबा, मग ट्रिपोलीची (घासून चमक आणायच्या मातीची) बारीक पूड आणि ओलं फडकं.

खणपट्टी:
थरांचं समजलं. उठावाचं काम आणि सोनं? आणि हीच लाख टवक्यांत भरली तर?

चपडा_आणि_काजळी:
उठाव: बाभळीचा गोंद पाण्यात, त्यात खडू आणि लाल बोल माती, काडीनं थेंब ठेवत चढवायचं. गोंद जास्त झाला की वाळताना कडा उचलतात, कमी झाला की बोटाला पूड लागते. एकदम जाड घालू नका, दोन-तीन वेळा चढवा. म्हणूनच मूळ उठावावर ओलं फडकं फिरवायचं नाही, तो पाण्यात विरघळतो.

ओली_हवा:
टवक्यांत लाख अजिबात नको. ओल्या लाखेतलं स्पिरिट मूळ लेपाच्या कडा खातं आणि नंतर नवं-जुनं वेगळं करता येत नाही. नव्या फळीवर चालतं ते जुन्या लेपावर चालत नाही. टवक्यांत सरस-खडूची लांबी (पुटी), त्यावर जलरंग, आणि चमक हवी तर झायलीनमधलं पातळ पॅरालॉइड बी-७२ (अ‍ॅक्रिलिक राळ), तेही फक्त लांबीच्या हद्दीत. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात तपासा. मूळ लेपात इतर राळा असतील तर झायलीनही त्यांना मऊ करू शकतं.

सुटलेल्या पापुद्र्यांना स्टर्जन माशाचा सरस, ३ ते ५ टक्के. सरस आत झिरपावा म्हणून त्यात स्पिरिटचे थेंब घालायची बऱ्याच जणांना सवय असते. इथे ती महागात पडेल. बारीक ब्रशनं कडेला सोडा, मध्ये मेलिनेक्स (पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म) ठेवून ४५ अंशांच्या आसपास कोमट पात्यानं हलकं दाबा, मग छोटं वजन. जास्त ऊब दिली तर लाखच मऊ होऊन पात्याची खूण उमटते.

पावसाळ्याबद्दल: स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि लेप दुधाळ होतो. आर्द्रता ६० च्या वर असेल तर लाखेचा ब्रश हातात घेऊ नका. बंद खोलीत डीह्युमिडिफायर लावून ५०–५५ वर आणता आलं तर ठीक, नाहीतर नोव्हेंबरपर्यंत थांबा. नव्या फळीवर दूध आलंच तर स्पिरिटचा एक झटपट हात देऊन जातं. जुन्या भागावर हा उपाय नको. सरसही या दिवसांत दोन दिवसांत वास मारतो, रोजच्यापुरताच भिजवा.

जुनी_लाकडं:
सोन्याबद्दल राहिलं. बाजारातली ‘सोनेरी पूड’ तांबं-जस्ताची असते, ती लाखेखालीही काळानं हिरवट-तपकिरी पडते. तुमच्या ब्यूरोवर काही आकृत्या तपकिरी दिसत असतील तर तिथे मुळात बहुधा पितळी पूडच होती. तेव्हा जुळवणी करताना चकचकीत सोनं लावू नका. पाठीमागच्या उजेडात नव्हे, वस्तू जिथे राहणार तिथल्या उजेडात शेजारच्या खणाशी ताडून पाहा. महत्त्वाच्या जागी तेलाच्या साइजवर (वर्ख चिकटवायच्या लेपावर) खरा वर्ख, बाकी ठिकाणी अभ्रकाची रंगीत पूड. ती काळी पडत नाही. आणि फळीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं साल लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला ती मूळची वाटणार नाही.