अनुभव धागा: अ‍ॅक्शनपटाचा ऑर्केस्ट्रा आणि डिस्टॉर्शनची गिटार

कोल्हापुरात शॉर्टफिल्मना पार्श्वसंगीत देणारे, कॉलेजच्या गॅदरिंगला ऑर्केस्ट्रा आणि डिस्टॉर्शनची (मुद्दाम आवाज फाडलेली) गिटार एकत्र वाजवणारे बरेच आहेत. त्यांनी इथं लिहावं, नावाऐवजी आपला भाग टाकून. कौतुक नको, नॉब कुठं ठेवायचा, आकडा किती आणि बिघडतं कुठं, तेवढंच सांगा.

शिवाजी पेठ
ड्रॉप डी केलं (जाड तार ई वरून डी वर उतरवली) की गिटारची ती तार ७३ हर्ट्झवर येते. चेलोची सगळ्यात खालची तार ६५, डबल बास त्याहून खाली. एकाच खोलीत तिघं भाडेकरू! म्हणून गिटारचं १०० हर्ट्झच्या खालचं कापा. एकटीनं ऐकल्यावर ती पातळ वाटेल, वाटू दे. गेन (आवाज फाडणारा नॉब) नेहमीपेक्षा कमी ठेवा, कारण जाडी गेनमधून नाही, डबल ट्रॅकमधून येते. एकच रिफ (परत परत येणारा गिटारचा तुकडा) दोनदा वाजवून एक टेक पूर्ण डावीकडं, दुसरा उजवीकडं. कॉपी-पेस्ट केलेला टेक नुसता मोठा ऐकू येतो, रुंद नाही.
आणि डिस्टॉर्शनवर पूर्ण कॉर्ड वाजवू नका. सा आणि प पुरे. गंधार घातला की स्वरांच्या बेरीज-वजाबाकीचे बेसूर स्वर तयार होतात नि चिखल होतो. गंधार हॉर्नला (ऑर्केस्ट्रातल्या पितळी वाद्याला) द्या.

राजारामपुरी
१०० जरा जास्तच होतंय, भावा. पाम म्यूटचा (तळहातानं तार दाबून वाजवल्याचा) दणका त्याच्या खालीच असतो. स्ट्रिंग्ज (चेलो-बास) थांबतात तिथं ७० वर आणा, ऑटोमेशन (सॉफ्टवेअरनं आपोआप बदलणारी सेटिंग) कशाला आहे?
सॅम्पलच्या (रेकॉर्ड केलेल्या स्वरांच्या लायब्ररीतल्या) स्ट्रिंग्जमध्ये सोळाव्या भागाच्या (मात्रेचे चार तुकडे) ओळी सगळ्या एकाच वेलॉसिटीवर (स्वराच्या जोरावर) ठेवल्या तर शिलाई मशीन वाजतं. पहिला ठोका १०५, बाकीचे ६० ते ८०. लेगाटो पॅच (स्वर जोडून वाजवणारा सॅम्पल) की दाबल्यावर उशिरा बोलतो. गिटार ग्रिडवर (टेम्पोच्या नेमक्या रेघांवर) असली की हे लगेच उघडं पडतं. तो लेगाटोचा ट्रॅक ८०-१०० मिलिसेकंद आधी सरकवा. नेमका आकडा आपापल्या लायब्ररीवर कानानं ठरवा.

मंगळवार पेठ
टेम्पो चित्राच्या फ्रेमवरून काढा. सेकंदाला २४ फ्रेम असतील तर १२० बीपीएम (मिनिटाला ठोके) म्हणजे ठोक्याला १२ फ्रेम, १४४ म्हणजे १०. समजा पडद्यावरचा ठोसा ८ सेकंद १० फ्रेमवर आहे, म्हणजे २०२ फ्रेम. पहिला ठोका ० फ्रेमवर धरला तर १२० वर अठरावा ठोका, म्हणजे १७ अंतरांनंतरचा, २०४ ला पडतो, दोन फ्रेम उशिरा. मिनिटाच्या १४४० फ्रेम गुणिले १७ भागिले २०२ = १२१.१९. हा टेम्पो टाका, विषय संपला. मात्र एडिटरकडची फाइल सेकंदाला २३.९७६ फ्रेमची नाही ना, हे आधी विचारा. नाहीतर दहा मिनिटांत ०.६ सेकंदाचा फरक पडतो.

कसबा बावडा
तायकोऐवजी (मोठ्या जपानी ढोलाऐवजी) हलगी घालणार असाल तर नाद खुळा, पण पावसाळ्यात कातडं ढिलं पडतं. शेकून ताणलं तरी टेक लांबला की परत उतरतं. त्यामुळं हलगीचे टेक आधी उरका, गिटार नंतर. हलगीचा चटका ३ किलोहर्ट्झच्या आसपास, पिकचा (तार छेडायच्या पत्तीचा) खटकाही तिथंच. गिटारमधून तिथले २-३ डीबी काढा. संवादालाही जागा होते.

ताराबाई पार्क
'मिशन इम्पॉसिबल'ची लालो शिफ्रिनची मूळ धून पाच मात्रांची आहे. रिफ अर्ध्या मात्रांत ३+३+२+२ मोजा. तबलजी सवयीनं झपतालाचं २+३+२+३ धरतो आणि दुसऱ्याच ठोक्याला गिटारवाल्याशी फारकत.

राजारामपुरी
फिल्मवाल्यांना देताना स्टेम (वाद्यगटांच्या वेगळ्या फाइल) वेगळे द्या: स्ट्रिंग्ज, ब्रास, तालवाद्यं, गिटार, सिंथ. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सगळे एकाच बिंदूपासून सुरू. मास्टरवरचा (सगळ्या मिक्सवरचा) लिमिटर, म्हणजे आवाजाची कमाल बांधणारं प्लगइन, काढून. संवाद आला की मिक्सर सगळ्यात आधी गिटारच खाली ओढतो, म्हणून मुख्य धून तिच्या एकटीवर सोडू नका, हॉर्नमध्येही ठेवा.