‘करंट जास्त येतोय’ म्हणजे नक्की काय? पोकलेनच्या फॉल्ट कोडसाठी मराठी शब्द हवेत

मी पोकलेनच्या वायरिंगची आणि कोडची कामं करतो. ऑपरेटरसाठी सीटमागे चिकटवायचा एक मराठी तक्ता करतोय आणि तीन-चार शब्दांवर अडलोय. जाणकारांनी मदत करावी.

आताच्या बऱ्याच मशीनच्या इंजिनला जे१९३९ पद्धतीचे (मोठ्या गाड्या-मशीनसाठी ठरवलेले, बिघाड सांगणारे) कोड येतात. त्यात दोन आकडे असतात. पहिला एसपीएन, म्हणजे दुखणं कुठे आहे. दुसरा एफएमआय, म्हणजे दुखणं कसलं आहे. ११० म्हणजे कूलंटचं तापमान, १०० म्हणजे इंजिन ऑइलचं प्रेशर. मागचा आकडा ३ असेल तर व्होल्टेज जास्त, ४ असेल तर कमी. ५ असेल तर करंट कमी, ६ असेल तर जास्त.

आपल्याकडे मात्र सगळ्यालाच ‘करंट’ म्हणतात. बॅटरीत करंट नाही, वायरला करंट येतो का बघ, हाताला करंट बसला. मीटरवर २४ व्होल्ट दिसत असले तरी तोंडात करंटच. मग ३ काय आणि ६ काय, दोन्हींचं मराठी एकच होतं: करंट जास्त येतोय.

मागच्या पावसाळ्यात एका खडीच्या खाणीवरून फोन आला, “दादा, टेंपरेचरच्या वायरला करंट जास्त येतोय असा कोड आहे.” मी दुसऱ्या मशीनखाली होतो, आकडा विचारलाच नाही. ‘चार्जिंग बघून घ्या’ म्हणालो. त्यांनी अल्टरनेटर उतरवून तालुक्याला नेला, दोन्ही बॅटऱ्या तपासून आणल्या. मशीन दोन दिवस उभं. जाऊन बघितलं तर कोड ११०-३ आणि सेन्सरच्या प्लगमधली एक पिन मागे सरकलेली. कंट्रोलर, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या वायरवर आपल्याकडून ५ व्होल्ट देत असतो आणि सेन्सर ते खाली ओढतो. वायर सुटली की ओढणारं कोणी उरत नाही, रीडिंग थेट वर जाऊन बसतं. म्हणजे व्होल्टेज जास्त हे खरं, पण झालंय काय, तर जोडच नाही. त्या माणसाचे दोन दिवस माझ्या एका शब्दाने गेले, ते अजून मनात आहे.

तर व्होल्टेज, ओपन (जोड तुटलेला), शॉर्ट (वायर भलतीकडे टेकलेली) आणि इंटरमिटंट (मध्येच येणारं-जाणारं) यांना ऑपरेटरच्या तोंडात बसेल असं काय म्हणावं?

---

दादा, मी शाळेत विज्ञान शिकवते. पुस्तकात विभवांतर आणि विद्युतधारा हे शब्द आहेत आणि ते नेमके आहेत. पण सीटमागे विभवांतर लिहू नका, कोणी वाचणार नाही. ‘दाब’ चालेल का? महावितरण उच्चदाब आणि लघुदाब म्हणतं, गावात ‘कमी दाबाने वीज येते’ असं सगळेच म्हणतात. दाब म्हणजे व्होल्टेज, धारा म्हणजे करंट, असा फरक मुलांना पटकन कळतो.

---

ताई, शब्द सुंदर आहे, पण या मशीनवर तो घात करेल. इथे दाब म्हणजे हायड्रॉलिकचं नाहीतर ऑइलचं प्रेशर. समजा १००-३ आला आणि तक्त्यात ‘ऑइल प्रेशर सेन्सर: दाब जास्त’ असं लिहिलेलं असलं, तर ऑपरेटर ऑइलचं प्रेशरच वाढलं असं समजणार. खरं प्रेशर वाढल्याचा आकडा वेगळा असतो, मागे ० येतो. म्हणून मी ‘व्होल्ट’ आणि ‘ॲम्पिअर’ असंच लिहीन म्हणतो. दोन्ही शब्द बॅटरीवर छापलेले असतात, सगळ्यांना ओळखीचे आहेत. तक्त्यात करंट हा शब्दच नको.

---

ओपनसाठी कृपा करून ‘उघडी’ किंवा ‘खुली’ लिहू नका. आमच्याकडे उघडी वायर म्हणजे वरचं आवरण गेलेली, आतलं तांबं दिसणारी. ती कशाला तरी लागून शॉर्ट होते. म्हणजे नेमका उलटा अर्थ. मी एका छापील पुस्तिकेत ‘उघडे मंडल’ वाचलं होतं आणि पोरगा टेपची गुंडाळी घेऊन उघडी वायर शोधत बसला होता. ‘तुटली किंवा सुटली’ एवढं पुरे. तुटली म्हणजे मध्येच, सुटली म्हणजे प्लगमधून.

---

अगदी बरोबर. आणि ‘शॉर्ट’ हा शब्दही आता फार सैल झालाय. फ्यूज उडाला तरी शॉर्ट, कॉइल जळाली तरी शॉर्ट. मी ‘भिडली’ म्हणतो. त्यात कशाला भिडली हे सांगावंच लागतं, तो या शब्दाचा फायदा. बॉडीला भिडली, प्लसला भिडली, वायरी आपसात भिडल्या. तापमानाच्या सेन्सरला ४ आला की बहुतेक वेळा बॉडीला भिडलेली असते. ३ आला तर बहुतेक वेळा सुटलेली, क्वचित प्लसला भिडलेली. व्हॉल्व्हच्या कॉइलला ५ म्हणजे तुटली, ६ म्हणजे बॉडीला भिडली.

---

मी तीस वर्षं हेच काम केलं. शब्द ठरला की तपासणीही आपोआप ठरते. ११०-३ आला तर सेन्सरचा प्लग काढा आणि हार्नेसकडच्या (मशीनच्या वायरिंगकडच्या) दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा. कोड ३ चा ४ झाला तर वायरिंग आणि कंट्रोलर ठीक, सेन्सर गेला किंवा प्लगची पिन नीट बसत नाही. ३ तसाच राहिला तर बहुतेक वायर तुटली किंवा सुटली आहे. फक्त दोन पिनांच्या तापमानाच्या सेन्सरलाच हे करायचं. तीन पिनांच्या प्रेशर सेन्सरला करू नका, इतर सेन्सरांचे ५ व्होल्टही खाली बसतील. हे तक्त्यात ठळक लिहा.

---

वेगळा मुद्दा. शब्दचर्चा आहे तर ‘उत्खनक’ का नाही? पोकलेन हे तर कंपनीचं नाव.

---

हो, पोक्लेन ही फ्रान्सची कंपनी. एल अँड टीने तिची मशीन भारतात बनवली आणि नाव महाराष्ट्रभर मशीनलाच चिकटलं. आता कुठल्याही कंपनीचं असो, ते पोकलेनच. उत्खनक टेंडरमध्ये ठीक आहे. फोनवर कोणी म्हणत नाही.

---

एक जुना शब्द सुचवतो. प्लगमध्ये पाणी जाऊन तांब्याच्या पिनांवर जो हिरवा थर धरतो, त्याला सगळे ‘हिरवा गंज’ म्हणतात. गंज लोखंडाचा. तांब्या-पितळेचा तो कळंक. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं, तेच हे. ‘पिना कळकल्या’ म्हटलं की आईच्या वयाच्या बाईलाही कळेल.

---

‘पिना कळकल्या’ घेतला. कोकणात चिऱ्याच्या खाणीवरच्या मशीनला तर हा कायम लागणार.

आता एकच उरला, इंटरमिटंट. एफएमआय २ त्यासाठीच आहे: रीडिंग मध्येच उडतं, मध्येच येतं. ‘आंतरायिक’ सोडून काहीही चालेल.

---

आमचे मिस्त्री ‘धरसोड’ म्हणतात. “पिन धरसोड करतेय.” माणसाबद्दल म्हणतो तसंच.

---

धरसोड! हाच हवा होता. त्यापुढे तक्त्यात एक ओळ वाढवतो: ‘धरसोड कधी होते ते सांगा. फिरवताना, बूम (पुढचा मोठा हात) उचलताना, की उभ्या मशीनलाही?’ बूम उचलताना होत असेल तर मी बूमच्या बुडाशी वळणारी वायरिंग आधी उघडेन, तिथे ती घासते.