विमानभाड्यावर कायमची कमाल मर्यादा हवी का? आणि नसेल तर स्वस्त तिकीट काढायचं कसं?

वऱ्हाडी पाहुणा
डिसेंबर 2025मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि उरलेल्या विमानांचं भाडं गगनाला भिडलं. तेव्हा 6 डिसेंबरला सरकारने मर्यादा घातली: 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये, 1,000पर्यंत 12,000, 1,500पर्यंत 15,000 आणि त्यापुढे 18,000. कर आणि विमानतळ शुल्क वेगळं. बिझनेस क्लास आणि (छोट्या शहरांना जोडणाऱ्या सरकारी) उडान योजनेतली उड्डाणं वगळली होती. ही तात्पुरती सोय होती. माझं म्हणणं, ती कायमची करा.

कारण बाजार बाजारासारखा राहिलेलाच नाही. किंगफिशर 2012ला, जेट 2019ला, गो फर्स्ट मे 2023ला बंद पडली. विस्तारा नोव्हेंबर 2024मध्ये एअर इंडियात विलीन झाली. आज देशांतर्गत प्रवाशांपैकी 60 टक्क्यांहून जास्त एकट्या इंडिगोकडे आहेत, एअर इंडिया समूह धरला तर दोघांत मिळून सुमारे 90 टक्के. अशा वेळी ‘मागणी-पुरवठा’ हे उत्तर प्रवाशाच्या काय कामाचं? खासगी बसला एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेता येणार नाही, असा आदेश महाराष्ट्र सरकारने 2018मध्येच काढला आहे. बसला जे चालतं ते विमानाला का चालू नये?

ताळेबंद
पूर्ण असहमत. हा प्रयोग एकदा करून झालेला आहे. मे 2020 ते ऑगस्ट 2022 देशात किमान आणि कमाल अशा दोन्ही मर्यादा होत्या. 40 मिनिटांच्या आतल्या उड्डाणाला सुरुवातीला 2,000 ते 6,000 रुपये. त्यात झालं काय, तर रिकाम्या जागा कमी दरात विकून विमान भरणं हे स्वस्त कंपन्यांचं एकमेव हत्यार काढून घेतलं गेलं. बलाढ्य कंपनी त्यात टिकते, छोटी मरते.

‘फक्त कमाल ठेवा, किमान नको’ म्हणाल, तरी गणित बदलत नाही. 186 जागांच्या ए320मध्ये सगळ्या जागांचा भाव एक नसतो. जागा भाड्याच्या खान्यांत वाटलेल्या असतात. तळाचं खानं संपलं की पुढचं उघडतं. शेवटच्या आठ-दहा जागा महाग जातात म्हणून पहिल्या तीस-चाळीस तोट्याच्या भावात देता येतात. वरचं झाकण घट्ट बसवलं की तळाची खानी बंद होतात. महिनाभर आधी तिकीट काढणाऱ्या कुटुंबाने ऐन वेळी निघालेल्या कंपनीच्या साहेबाचा भार का उचलावा?

आणि बसचा दाखला देऊ नका. तो आदेश असूनही दिवाळीत पुणे-नागपूर स्लीपरचं भाडं काय होतं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

वऱ्हाडी पाहुणा
ऐन वेळी निघणारा प्रत्येक जण साहेब नसतो. अंत्यविधीला जाणारा असतो, ॲडमिशनच्या फेरीत नाव लागलेला विद्यार्थी असतो. त्यांच्याकडून किती घ्यावं याला काही सीमा हवी की नको? पुणे-नागपूर हवाई अंतर 1,000च्या आत, म्हणजे डिसेंबरची मर्यादा 12,000. कर सोडून. हे झाकण अजिबात घट्ट नाही. एवढ्याने तळाची खानी बंद होतील हे पटत नाही.

लोहगावकर
तुम्ही दोघंही भाड्यावर भांडताय, मुळाशी अडचण स्लॉटची, म्हणजे विमान उतरवायला-उडवायला मिळणाऱ्या ठरावीक वेळेची आहे.

पुण्याची धावपट्टी हवाई दलाची आहे. नागरी विमानांना तासाला किती फेऱ्या मिळणार हे त्यांच्या सोयीने ठरतं. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. तासाला साधारण 46 उड्डाणं-आगमनं ही तिथली कमाल. सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 हे स्लॉट वर्षानुवर्षं त्याच कंपन्यांकडे आहेत, कारण नियमच असा आहे की हंगामात 80 टक्के वापर दाखवला की पुढच्या हंगामात तो स्लॉट तुमचाच. ऑगस्ट 2022ला सुरू झालेल्या अकासासारख्या कंपनीला मग दुपारच्या किंवा मध्यरात्रीच्या वेळा घ्याव्या लागतात. त्यात विमानाचं इंधन जीएसटीत नाही. मुंबई-पुण्यात 2023ला व्हॅट 25वरून 18 टक्के केला, पण भरलेल्या व्हॅटची कंपनीला जीएसटीतून वजावट मिळत नाही.

एखाद्या मार्गावर तिसरी कंपनी त्याच वेळेला उतरली की भाडं आपोआप खाली येतं. ती गेली की चढतं. गो फर्स्ट थांबल्यावर महिन्याभरात केंद्र सरकारला कंपन्यांना बोलावून ‘भाडी आवरा’ सांगावं लागलं होतं. मर्यादा लावायचीच तर स्लॉट धरून ठेवण्यावर लावा.

उलवेकर
धोरणावर चर्चा चालू द्या, पण शीर्षकाचा दुसरा अर्धा भाग कुणी घेतला नाही म्हणून लिहितो.

नवी मुंबईहून 25 डिसेंबर 2025पासून विमानं सुटताहेत. तिकीट साइटवर मुंबई शोधताना दोन्ही विमानतळ वेगवेगळे टाकून बघा आणि नुसतं मूळ भाडं बघू नका. मुंबईला देशांतर्गत प्रवाशाला विमानतळ वापर शुल्क निघताना 175 आणि येताना 75 रुपये. नवी मुंबईला 620 आणि 270. म्हणजे जाऊन-येऊन माणशी 640चा फरक, जीएसटी धरलाच नाही. बोरिवलीकराने 500 रुपये स्वस्त तिकीट बघून उलव्याला, म्हणजे नवी मुंबई विमानतळावर येणं हा निव्वळ तोटा. पनवेल, खारघर किंवा एक्सप्रेसवेने पुण्याहून येणाऱ्याला मात्र टॅक्सी आणि वेळ दोन्ही वाचतं, तो 640 सहज भरून काढतो.

दुसरं, इनकॉग्निटो खिडकी उघडण्यात वेळ घालवू नका. तुम्ही पुन्हापुन्हा शोधलं म्हणून भाडं वाढत नाही. मधल्या वेळात खालच्या खान्यातल्या जागा कुणीतरी घेतलेल्या असतात, किंवा तिकीट साइट जुना साठवलेला दर दाखवत असते आणि पैसे भरायच्या पानावर खरा दर येतो.

ताळेबंद
याला जोडून, चार जणांचं तिकीट काढताना बहुतेकांचे पैसे जातात ती जागा. एका बुकिंगमध्ये सगळ्यांना एकच दर लागतो. समजा 4,200च्या खान्यात दोनच जागा उरल्यात आणि पुढचं खानं 5,600चं आहे. चौघांसाठी शोधलं की चौघंही 5,600 दाखवतात, एकूण 22,400. म्हणून आधी एकासाठी शोधा, मग दोघांसाठी, मग तिघांसाठी. दर जिथे उडी मारेल तिथे बुकिंग तोडा. वरच्या उदाहरणात दोन आणि दोन केले तर 19,600.

तोटेही आहेत. पीएनआर (बुकिंग क्रमांक) दोन झाले की उड्डाणाची वेळ बदलल्यावर कंपनी एका जोडीला सकाळच्या आणि दुसऱ्या जोडीला रात्रीच्या विमानात टाकू शकते. 12 वर्षांखालच्या मुलाला आई किंवा वडिलांपैकी एकाशेजारी जागा द्यायचा नियम 2024पासून आहे, पण तो एकाच पीएनआरसाठी. तेव्हा मुलं आणि एक पालक कधीही तोडू नका.

मांडवीपार
गोव्याचं तिकीट काढताना उत्तरेचा मोपा विमानतळ की दक्षिणेचा दाबोळी ते आधी ठरवा. सावंतवाडी, कुडाळ, पेडणे, म्हापसा असेल तर मोपा. मडगाव, वास्को, काणकोण असेल तर दाबोळीच. मोपाहून मडगावची टॅक्सी तिकिटात वाचलेलं सगळं खाऊन टाकते. कदंबची बस आहे, पण रात्री उशिराच्या विमानाला तिच्या भरवशावर राहू नका.

वऱ्हाडी पाहुणा
या सगळ्या क्लृप्त्या तारीख बदलता येणाऱ्यांसाठी आहेत. मंगळवार-बुधवार बघा, पहाटेचं विमान घ्या, सहा आठवडे आधी काढा, ठीक. पण दिवाळीच्या आधी सगळे पुण्याहून नागपूरकडे जातात आणि भाऊबीजेनंतर सगळे परत येतात. उलट्या दिशेची विमानं स्वस्त आणि अर्धी रिकामी, तुमच्या दिशेची भरलेली. तिथे कुठली क्लृप्ती चालते?

लोहगावकर
तिथे क्लृप्ती नाही, पर्याय चालतो. ऑगस्ट 2025पासून अजनी (नागपूर)-पुणे वंदे भारत आहे, सुमारे बारा तासांत पोचवते. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळी काढून ठेवा आणि मग विमानाच्या दरावर नजर ठेवा. विमान आवाक्यात आलं तर रेल्वेचं रद्द करा. पुरेसं आधी रद्द केलं तर चेअर कारचं रद्दीकरण शुल्क विमानापुढे नगण्य आहे.

पैसे वाचवायला हैदराबाद किंवा मुंबईमार्गे दोन वेगळी तिकिटं जोडू नका. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीवर काहीही बंधन नाही. सामान पट्ट्यावरून घेऊन पुन्हा जमा करायचं, मुंबईत टर्मिनल 1 आणि 2 वेगवेगळ्या ठिकाणी, आणि चेक-इन काउंटर सुटण्याच्या 60 मिनिटं आधी बंद होतो. करायचंच असेल तर मध्ये किमान पाच तास ठेवा आणि फक्त 7 किलोची हातबॅग घ्या.

उलवेकर
सामानाचंही बघा. एअर इंडिया एक्सप्रेसचं ‘लाइट’ भाडं यादीत सगळ्यात वर येतं, कारण त्यात चेक-इन सामान नाही. दिवाळीचा फराळ घेऊन निघालेल्या माणसाने 15 किलोवाल्या भाड्याशीच तुलना करावी. काउंटरवर किलोमागे जे घेतात त्यात बचत बुडते. वजन वाढणारच असेल तर आधी ऑनलाइन घ्या, स्वस्त पडतं.

आणि ‘ना-परतावा’ लिहिलंय म्हणून तिकीट सोडून देऊ नका. रद्दीकरण शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार याहून जास्त घेता येत नाही. विमानतळ वापर शुल्क आणि त्यासारखे आकार परत द्यावेच लागतात, विमान चुकलं तरी. फक्त ते आपणहून येतीलच असं नाही, कंपनीच्या संकेतस्थळावर अर्ज करून मागावे लागतात. पोर्टलने घेतलेली कन्व्हिनियन्स फी मात्र गेलीच, म्हणून दर पोर्टलवर बघा आणि कंपनीच्या साइटवरही पडताळा.

ताळेबंद
@वऱ्हाडी पाहुणा, तुमच्या अंत्यविधीच्या मुद्द्याला उत्तर द्यायला हवं. तो खरा आहे. पण त्यासाठी सगळ्या जागांवर झाकण नको. प्रत्येक उड्डाणात शेवटच्या 24 तासांसाठी ठरावीक जागा मर्यादित भाड्यात राखून ठेवा. उडान योजनेत निम्म्या जागांचं भाडं बांधून देण्याची पद्धत 2017पासून चालू आहेच, म्हणजे यंत्रणा नवी नाही.

वऱ्हाडी पाहुणा
उडानमध्ये बदल्यात सरकार तूटभरपाई देतं, तीही तीन वर्षं. इथे कोण देणार? दहा जागा राखीव ठेवल्या आणि त्या पहिल्या मिनिटाला एजंटांनी उचलल्या, तर ज्याच्यासाठी ठेवल्या तो पुन्हा काउंटरवर उभाच. यावर ठोस सुचवा, तर मी कायमच्या मर्यादेचा हट्ट सोडायला तयार आहे.

लोहगावकर
ओळखपत्राच्या नावावरच तिकीट, नावबदल अजिबात नाही, आणि विक्री फक्त कंपनीच्या साइटवर व काउंटरवर. एजंटच्या लॉगिनला ती खानी दिसूच नयेत. खानी कुणाला दाखवायची हे कंपन्या आजही विक्रीच्या वाटेप्रमाणे ठरवतात; कॉर्पोरेट भाडं तसंच तर वेगळं ठेवलेलं असतं. अडचण उरते ती त्या जागांच्या हिशेबाची. विमान वाहतूक नियामक डीजीसीएचं भाडे निरीक्षण पथक सध्या 78 मार्गांवरचे दर पाहतं, त्याच तक्त्यात ‘राखीव किती, विकल्या किती’ हा रकाना घातला पाहिजे.