मदत हवी : एसजीए २० जीबी केला की ओरॅकल सुरूच होत नाही

वेदगंगा :
नमस्कार मंडळी. निपाणीतल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर, त्यावर ओरॅकल डेटाबेस. ६४ बिट लिनक्स, रॅम ३२ जीबी. एसजीए, म्हणजे ओरॅकलची सामायिक मेमरी, ७ जीबी ठेवला तर सगळं ठीक. २० केला की ओआरए-२७१०२ (मेमरी अपुरी) आणि त्याखाली ‘एरर २८ : नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. डिस्क निम्मी रिकामी आहे. लिनक्समधल्या सामायिक मेमरीच्या मर्यादांपैकी एसएचएममॅक्स २५७६९८०३७७६, म्हणजे २४ जीबी केलंय. एसएचएमऑल २०९७१५२ आहे, त्याला हात लावलेला नाही. उद्या शाखा उघडायच्या आत सुरू व्हायला हवं.

मलप्रभा :
डिस्कचा काही संबंध नाही, तिकडे वेळ घालवू नका. अडचण एसएचएमऑलमध्ये आहे. एसएचएममॅक्स ही सामायिक मेमरीच्या एका सेगमेंटची (तुकड्याची) मर्यादा, ती बाइटमध्ये. एसएचएमऑल ही सगळ्या सेगमेंटची मिळून, आणि ती पेजमध्ये, म्हणजे मेमरीच्या ठरावीक आकाराच्या लहान भागांत, मोजतात. ‘गेटकॉन्फ पेज_साइज’ चालवा, ४०९६ येईल. २०९७१५२ गुणिले ४०९६ म्हणजे बरोबर ८ जीबी. म्हणून ७ चालतो आणि २० अडतो.

२४ जीबीसाठी ६२९१४५६ लिहा. सिसकंट्रोल.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्येच लिहा आणि ‘सिसकंट्रोल -पी’ द्या. नुसतं ‘-डब्ल्यू’ने बदललं तर पावसात लाईट जाऊन मशीन बंद पडली की जुना आकडा परत येतो. मग ‘आयपीसीएस -एलएम’मध्ये एकूण मर्यादा २५१६५८२४ केबी दिसली पाहिजे.

वेदगंगा :
झालं, सुरू झाला! ह्यूजपेजेस (मोठ्या आकाराची पेज) पण लावू का?

मलप्रभा :
एवढ्या एसजीएला लावाच. प्रत्येक कनेक्शनचं पेज टेबल, म्हणजे कुठलं पेज कुठे आहे याची यादी, वेगळं असतं, ४ केबीच्या पेजवर सगळ्यांचं मिळून तेच जीबींच्या घरात जातं. एक ह्यूजपेज २ एमबीचं, २० जीबीला १०२४० लागतात. व्हीएम.एनआर_ह्यूजपेजेस १०२५० ठेवा. लिमिट्स.कॉन्फमध्ये ओरॅकल युजरचा मेमलॉक (रॅममध्ये पक्की धरून ठेवता येणाऱ्या मेमरीची मर्यादा) सॉफ्ट आणि हार्ड दोन्ही २३०६८६७२ करा, हा आकडा केबीमध्ये असतो. मेमरी_टार्गेट (ओरॅकलची मेमरी आपोआप वाटणारी सेटिंग) शून्य हवं, ते चालू असेल तर ह्यूजपेज वापरली जात नाहीत.

खरा धोका पुढे आहे. मेमलॉक कमी पडला तर ओरॅकल गुपचूप साध्या पेजवर जातं. राखून ठेवलेले २० जीबी अडकून पडतात आणि उरलेल्या १२ मध्ये २० चा एसजीए कोंबला जातो, मशीन स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या मंद मेमरीत, जाऊन गुदमरते. म्हणून ओरॅकलची यूज_लार्ज_पेजेस ही सेटिंग ‘ओन्ली’ ठेवा. पेज मिळाली नाहीत तर डेटाबेस सुरूच होणार नाही, आणि चूक तिथल्या तिथे कळेल.

बरेच दिवस चालू असलेल्या मशीनवर सलग २ एमबीचे तुकडे उरत नाहीत, त्यामुळे रीबूट करूनच घ्या. नंतर मेमइन्फो या लिनक्सच्या मेमरीच्या माहितीच्या फाइलमध्ये ह्यूजपेजेस_टोटल १०२५० आहे का बघा. फ्री जास्त दिसलं तर घाबरू नका, शेजारचं रिझर्व्ह्ड बघा. ओरॅकलने मागितलेली पण अजून न वापरलेली पेज तिथे मोजलेली असतात.